चावडीतला १९१४-१९१९ चा संगमरवरी फलक वाचवायचा आहे, शेजारी नावांचा नवा दगड बसवायचा आहे

जामनदीकाठ

रामराम मंडळी. काटोल तालुक्यातलं आमचं गाव, वस्ती हजाराच्या आत. जुनी चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीची नवी इमारत होऊन राहिली आहे. चावडीच्या दर्शनी भिंतीत पांढऱ्या संगमरवराचा एक फलक आहे, दीड फूट बाय एक फूट. मजकूर इंग्रजीत : या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतकी कामी आली. नाव एकाचंही नाही. गेलेल्यांचा आकडा ११ स्पष्ट आहे. दुसरा आकडा एक की सात ते समजत नाही, कारण अक्षरांतलं शिसं निघून गेलं आहे आणि वरून कोणीतरी काळा ऑइलपेंट मारून ठेवला आहे. एका कोपऱ्यात तेल-कुंकवाचे डाग.

ग्रामसभेत ठरलं की जुना दगड नव्या इमारतीत लावायचा आणि आवारात ओट्यावर नवा दगड उभारायचा. त्यावर या ११ जणांची, १९४७ नंतर कामी आलेल्यांची आणि फौजेत नोकरी केलेल्यांची नावं. जमीन काळी, खोल. फलक फुटू न देता काढायचा कसा, तो आकडा वाचायचा कसा, शंभर वर्षांपूर्वीची नावं कुठल्या कागदात सापडतील आणि नवा दगड कोणता घ्यावा? सरपंचांना २६ जानेवारीला उद्घाटन पाहिजे.

टाकीचा घाव

भाऊ, पहिलं काम म्हणजे ठेकेदाराला आजच सांगा की त्या भिंतीला हात लावायचा नाही. असे फलक भिंतीत शंभर वर्षं टिकतात आणि काढताना दहा मिनिटांत फुटतात. मागून लोखंडी हूक बसवलेले असतात. ते गंजून फुगतात, त्यामुळे हुकाजवळ दगडाला आतून आधीच बारीक भेग असते. मजुरानं कडेला छन्नी लावून उचकटलं की नेमका तोच कोपरा हातात येतो.

आकडा भिंतीत असतानाच वाचून घ्या. रात्री, बाकीचे दिवे बंद करून, टॉर्च दगडाच्या अंगाला जवळजवळ टेकवून बाजूनं प्रकाश टाका. चारही बाजूंनी एकेक फोटो, मोबाईल स्टँडवर. समोरून फ्लॅश मारला तर काहीच दिसणार नाही. हळद, खडू, पीठ अक्षरांत घासू नका, ते संगमरवराच्या छिद्रांत बसतं आणि निघत नाही. शिशाच्या अक्षरांचा एक फायदा आहे. शिसं धरून राहावं म्हणून कारागीर खोबणीच्या तळाशी, रेघेच्या टोकांना आणि सांध्यांना दोन-तीन मिलिमीटरची तिरपी भोकं पाडायचा. शिसं गेलं तरी भोकं राहतात. इंग्रजी सातच्या आडव्या रेघेला डाव्या टोकाशी भोक असणारच. नुसत्या उभ्या रेघेतच भोकं असली तर तो एक. पेंट भोकांत भरला असेल तर आधी पेंट काढावा लागेल.

पेंटसाठी ॲसिड नको, कॉस्टिक नको, तारेचा ब्रश नको, आग तर नकोच. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. संडास साफ करायचं ॲसिड पडलं की फेस येतो आणि फेसाबरोबर अक्षराची धार जाते. जेलसारखा पेंट रिमूव्हर मिळतो. आधी कोपऱ्यात दोन इंचांच्या चौकोनावर लावून पाहा. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, दहा-पंधरा मिनिटं ठेवून बांबूच्या कामटीनं अलगद उचला, नंतर ओल्या कापसानं पुसा. एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट नको. जिथे शिसं अजून शाबूत आहे तिथे कामटीही हलकीच. शिसं नखानं ओरखडतं.

तेल-कुंकवाला लेप. खडूची पांढरी पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून सेंटिमीटरभर जाड थापायची, वर प्लॅस्टिक, चोवीस तास. मग प्लॅस्टिक काढून पूर्ण वाळू द्यायची. डाग वाळताना लेपात ओढला जातो, म्हणून ओलाच खरवडला तर लेप वाया. नुसत्या तेलाच्या डागाला पाण्याऐवजी ॲसिटोन. तो पेट घेतो, जवळ बिडी-काडी नको. मुलतानी माती वापरू नका. तिच्यात लोह असतं, पिवळी झाक सोडते.

आता काढायचं कसं. तोंडावर पातळ फोम, त्यावर १२ मिमी प्लायवूड, आणि प्लायला समोरून दोन टेकू. फलकापासून चार इंच लांब, वरच्या बाजूनं विटा सोडवायला सुरुवात करा. चावडी जुनी म्हणजे जोडणी चुन्याची असणार, विटा पातळ छन्नीनं सुटतात, घणाची गरज नाही. फलक मागच्या विटांसकट गठ्ठ्यानं खाली घ्या आणि विटा जमिनीवर सावकाश सोडवा. हूक हॅकसॉ ब्लेडनं कापायचे. ग्राइंडरच्या हादऱ्यानं भेग पुढे सरकते आणि उडालेले लोखंडाचे कण दगडावर गंजतात. काढल्यावर आडवा ठेवू नका. दोन लाकडी पट्ट्यांवर, लांब कडेवर, भिंतीला किंचित रेलून उभा.

कोराडी रोड

एवढी कसरत कशाला? मार्बलवाल्याकडून मशीननं घासून पॉलिश करून घ्या, नव्यासारखा होतो. शिशाच्या जागी काळा एपॉक्सी भरला की आकडाही दिसेल.

टाकीचा घाव

घासलं की वरचा अर्धा-एक मिलिमीटर जातो, आणि शंभर वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या दगडावर अक्षराची खोली कित्येक ठिकाणी तेवढीच उरलेली असते. भरावही नको. आज कोणी सात समजून सात भरला तर उद्या खरा आकडा एक निघाल्यावर दगडच खोटा ठरतो. दगडावर जे आहे ते तसंच ठेवा, वाचन शेजारी पितळी पट्टीवर मराठीत द्या.

फलक पुन्हा बसवताना व्हरांड्यातली आतली भिंत निवडा, पाऊस आणि दुपारचं ऊन दोन्ही लागणार नाही अशी. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्यावरचा संगमरवर रोज तापतो-निवतो, त्यात पृष्ठभागाचे कण साखरेसारखे सुटायला लागतात. खाली दोन स्टेनलेस स्टीलचे ब्रॅकेट वजनाला, बाजूंना दोन-दोन क्लिपा, मधे रबराची चकती. सिमेंटमध्ये थापू नका, सिमेंटमधले क्षार दगडातून पांढरे फुटतात. फट भरायला सिलिकॉन घेतलं तर न्यूट्रल क्युअर मागा. व्हिनेगरसारखा वास येतो ते संगमरवराला खातं.

दप्तरखाना

नावांकडे येतो. जुन्या दगडावर ११ लिहिलंय म्हणून ११ नावं जुळवायचीच, असं मनात धरून बसू नका. हा आकडा त्या वेळच्या महसुली गावाचा. तुमच्या गावात तेव्हा एखादी रिठी (ओस पडलेलं गाव) किंवा टोली (लहान वस्ती) मोडत असेल तर तिथला माणूसही यात आला. शिवाय ‘गेले’ यात नुसते शिपाई नव्हते. लेबर कोअर (मजुरांचं दल), बेअरर कोअर (जखमींना वाहून नेणारं दल), खेचरांच्या तुकड्या, भिस्ती, स्वयंपाकी, हे सगळे ‘फॉलोअर’ म्हणून गेले आणि गावानं त्यांना महायुद्धावर गेलेलेच धरलं.

कामी आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा ऑनलाइन शोध फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी ते ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढा काळ धरतात. म्हणजे लढाई संपल्यावर छावणीत, दवाखान्यात वारलेला नोकरीतला माणूसही त्यात येऊ शकतो. नुसत्या नावानं शोधाल तर हाती काही लागणार नाही. हिंदी शिपायांची नोंद बहुधा एकच नाव, पुढे वडिलांचं नाव, मग गाव-तहसील-जिल्हा अशी असते, आडनाव क्वचितच. म्हणून ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात गावाचं नाव टाका, मग काटोल, मग नागपूर आणि सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर होतं. नागपूर शेवटी ‘ई’ लावून, वामन ‘व्ही’नं आणि ‘डब्ल्यू’नंही, गणपत ‘यू’ घालून, असं सगळं करून पाहा. दोन गावं एकाच नावाची निघाली तर तहसील जुळल्याशिवाय नाव उचलू नका. विदर्भात एका नावाची गावं किती, ते सांगायला नको.

तिथे सापडलं नाही म्हणजे तो मेला नाही, असंही नाही. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) हिंदी फौजेची सर्वांत जास्त माणसं गेली, आणि बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीच नावं कोरली, बाकीच्यांची पलटणवार नुसती संख्या. २०२१ साली या कमिशननं स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की आफ्रिका, मध्यपूर्व आणि हिंदुस्थानच्या माणसांना बरोबरीनं नोंदलं गेलं नाही, त्यातही मजूर आणि फॉलोअर जास्त सुटले. फ्रान्समध्ये गेलेल्यांसाठी नव्ह शापेलचं स्मारक, तिथे चार हजार सातशेच्या वर नावं आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर आहेत, तीही एकूण मृतांच्या मानानं थोडीच.

आता गावातले कागद. तहसीलमधली कोतवाल पंजी जातपडताळणीसाठी सगळ्यांना ठाऊक आहे, इथेही तीच कामाची. बसऱ्याला मेलेल्याची मृत्युनोंद तिच्यात मिळायची नाही, पण जन्म, बापाचं नाव आणि गाव मिळतं, म्हणजे कमिशनच्या नोंदीतला ‘अमक्याचा मुलगा’ तुमच्याच गावचा की नाही ते ताडता येतं. जिल्हा परिषद शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढा. मुलाच्या पालकाच्या व्यवसायात ‘पेन्शनर’ किंवा ‘पलटणीत’ असं लिहिलेलं सापडलं तर तो परत आलेल्यांपैकी. १९५१ पर्यंत आपल्याकडे मालगुजारी होती आणि रंगरूट भरतीत मालगुजाराचा हात असायचा, म्हणून वाड्यातलं जुनं दप्तर, सनदा, पत्रं पाहू द्या अशी त्या घराण्याला विनंती करा. नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचं दप्तर आहे. तिथे जाताना गावाचं नाव घेऊन नाही, तहसील आणि सालं घेऊन जा.

सर्वांत पक्का पुरावा घरातल्या ट्रंकेत असतो. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. लढाऊ शिपायाला चांदीचं मिळे, फॉलोअर आणि मजुरांना काशाचं. कडेवर चिंच-मीठ घासू नका, अक्षरं उथळ असतात, भिंगातून वाचा. मृताच्या घरी काशाची एक मोठी गोल तबकडीही येई, पावणेपाच इंच व्यासाची, तिच्यावर हुद्दा नसतो, नुसतं नाव. ती कधी देवघरात सापडते, कधी मोडीत गेलेली असते.

माझा आग्रह एकच : ज्या नावाला एक कागद किंवा एक पदक आहे तेच दगडावर. नुसत्या तोंडी आठवणीवरचं नाव वहीत लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या सहीसकट, आणि पुरावा मिळाला की कोरा.

आणखी एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरचा कोरीव लेख पुरावस्तूच्या व्याख्येत बसतो. तुमचा फलक त्यात येण्याजोगा झाला आहे. डेड स्टॉक रजिस्टरला मापासकट आणि फोटोसकट चढवून घ्या, म्हणजे कोणी ‘जुना मार्बल’ म्हणून नेणार नाही.

जामनदीकाठ

आभार, दोघांचेही. टॉर्चनं आडव्या रेघेला डावीकडे भोक दिसून राहिलं आहे, म्हणजे सात. आता नवा प्रश्न. गावातला एक पोलीस जवान गडचिरोलीत कामी आला आणि एक सीआरपीएफचा. काही जण म्हणतात फक्त लष्कर. आणि नोकरी करून सुखरूप आलेल्यांची यादी चाळीसवर जाते.

सुभेदारसाहेब (सेवानिवृत्त)

जय हिंद. गावच्या दगडाला लष्कराचे नियम लागू नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर (२५ फेब्रुवारी २०१९) स्वातंत्र्यानंतरचे सैन्यदलाचे जवान आहेत. पोलीस आणि केंद्रीय दलांसाठी चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक वेगळं आहे (२१ ऑक्टोबर २०१८). दोन्हीकडे नाव तपासता येतं, म्हणजे पुरावाही झाला. गावानं दोघांना एकाच दगडावर घेतलं तर कोणाचं काही बिघडत नाही, फक्त नावापुढे दल स्पष्ट लिहा.

मथळा ‘शहीद’ ठेवाल तर परत आलेले चाळीस कुठे लिहिणार? दोन भाग करा. वर कामी आलेले : हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, ठिकाण, साल. खाली सेवा केलेले : नाव आणि नोकरीची सालं, बस. प्रत्येक भागात वर्णानुक्रम. हुद्द्याप्रमाणे लावलं की सुभेदाराचं घर वर आणि शिपायाचं खाली, मग भांडण. आडनावाप्रमाणे लावलं की एका आडनावाचे सगळे एका जागी येतात, त्यावरून वेगळं भांडण. पहिल्या नावानं लावा.

मृत्यू लढाईत की अपघात-आजारानं, यावर गावात वाद निघेल. लष्कराच्या कागदात बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी असे वर्ग असतात. कुटुंबाकडच्या कागदावर आहे ते ठिकाण आणि साल कोरा, वर्ग दगडावर नको.

निवृत्तांचा हुद्दा आणि सालं डिस्चार्ज बुक किंवा पीपीओवरून (पेन्शनच्या आदेशावरून) घ्या. ‘कॅप्टन’ आणि ‘ऑनररी कॅप्टन’ एकच नाही, आणि गावात सगळेच सुभेदार असतात. कागद हरवला असेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, नंतर त्या-त्या रेकॉर्ड ऑफिसला वारसाच्या सहीचं पत्र. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स आपल्या कामठीलाच, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप खडकी, सिग्नल्स जबलपूर. सर्व्हिस नंबर दिला नाही तर पत्र फिरत राहतं. पलटणीचं नाव त्या सालातलं लिहा. गार्ड्स १९४९ ला उभी राहिली, महार रेजिमेंट १९४१ ला. १९१६ साली गेलेल्यापुढे यांतलं काही लिहिलं तर जाणकार हसतील.

२०२३ च्या ‘मेरी माटी मेरा देश’मध्ये तुमच्याकडे शिलाफलक लागला असेलच. त्यातली नावं आणि स्पेलिंग आधी नव्या यादीशी ताडून पाहा, एकाच आवारात दोन दगड दोन गोष्टी सांगायला नकोत. पुतळ्याच्या नादाला लागू नका. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि २६ जानेवारी हातची जाईल.

टाकीचा घाव

नवा दगड : काळा ग्रॅनाइट, ३० मिमी जाड. किचन ओट्याचा १८-२० मिमी घेऊ नका, कडेत पिन बसवायला मांस उरत नाही. एकच मोठी शिळा करण्यापेक्षा ६० बाय ९० सेंटिमीटरचे तीन तुकडे करा. एकेक सुमारे ४५ किलोचा, दोन माणसं उचलतात. दोन कोरलेले, तिसरा कोरा आणि स्टीलच्या स्क्रूवर काढता येईल असा, म्हणजे पुढे नाव सापडलं तर तो खोलून कोरायला नेता येतो. भिंतीवर लावलेल्या दगडावर नंतर कोरलेलं नाव लगेच वेगळं पडतं.

अक्षर : शिरोरेषेपासून पायापर्यंत २२ मिमी. वर वेलांटी-रफार, खाली उकार धरून ओळीला ५० मिमी सोडा. ९० सेंमीच्या दगडावर वर ८ आणि खाली १२ सेंमी रिकामं ठेवलं (खालच्या भागाला हार-तेल लागतंच) तर १४ ओळी बसतात. कामी आलेल्यांना हेच माप. सेवा केलेल्यांची यादी १४ मिमी अक्षरात, ३२ मिमीच्या ओळीत आणि दोन रकान्यांत घ्या, तरच चाळीसवर नावं एका दगडावर मावतील. कोरणं सॅन्डब्लास्टनं, दोन ते तीन मिमी खोल. लेझर नको. लेझर नुसती पॉलिश उडवतो, तेलाचा हात लागला की अक्षर दिसेनासं होतं. अनुस्वाराचं टिंब चार मिमीपेक्षा लहान नको, आणि ‘ष’, ‘क्ष’च्या पोटातला पातळ भाग उडतो म्हणून फाँट मध्यम जाडीचा.

खरी गडबड टायपिंगला होते. दुकानातलं जुनं सॉफ्टवेअर युनिकोड उघडतं तेव्हा ऱ्हस्व वेलांटी पलीकडे जाते, रफार पुढच्या अक्षरावर बसतो, जोडाक्षर सुटून हलन्त दिसतो. मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवू नका. सगळं कर्व्हजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषाकृतींत, बदललेली पीडीएफ द्या, म्हणजे फाँटचा संबंधच राहत नाही. दगडाआधी त्याच मापाचा फ्लेक्स छापून ग्रामपंचायतीत पंधरा दिवस टांगा आणि हरकती लेखी घ्या. दगडावरची चूक खोडता येत नाही, फ्लेक्सवरची येते. देणगीदार, सरपंच, सदस्य यांची नावं मागच्या बाजूला वेगळ्या पट्टीवर. समोर घेतली तर ती जवानांच्या नावांपेक्षा मोठी होतात, असं पाहायला फार लांब जावं लागत नाही.

मुरूम-गिट्टी

ओट्याचं मी सांगतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ओटा हलका असल्यानं सहज उचलला जातो. मधोमध तडा गेलेले ध्वजस्तंभाचे ओटे त्यामुळेच. मुरूम लागेपर्यंत खोदा. पाच फुटांवरही लागला नाही तर तिथपर्यंतची काळी माती काढून बाहेरचा मुरूम भरा, १५ सेंमीचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मसानं ठोकणं. त्यावर १:४:८ चं (सिमेंट, वाळू, गिट्टी) १० सेंमी पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, वर १५ सेंमी जाडीचा सलग आरसीसी स्लॅब, १० मिमीच्या सळया दोन्ही दिशांना १५ सेंमीवर. दगडामागची भिंत याच स्लॅबमधून सळया वर काढून आरसीसीची करा, नुसती विटांची नको. ओट्याभोवती तीन फूट रुंद कोबा, बाहेर उतार. लोक हौसेनं ओट्याला लागून फुलझाडांचा वाफा करतात आणि रोज पाणी घालतात. एका बाजूची माती ओली, दुसरी कोरडी, मग ओटा कलतो. वाफा कोब्याच्या पलीकडे. पिंपळ-वड तर लांबच.

दगड भिंतीला इपॉक्सीवर चिकटवून सोडू नका. काळा ग्रॅनाइट उन्हात एवढा तापतो की हात ठेववत नाही, त्या तापमानाला साधा इपॉक्सी नरम पडतो. खाली स्टीलचा अँगल, बाजूंना क्लॅम्प, भोवती ५ मिमी फट. आणि तोंड उत्तरेला ठेवा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर पॉलिशची चमक येत नाही.

वेळेचं म्हणाल तर खोदकाम पाऊस पूर्ण उघडल्यावर, दिवाळीच्या आसपास. काँक्रीटवर किमान चौदा दिवस पाणी, दगड त्यानंतरच. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत यादी वाचली, सप्टेंबरात फ्लेक्स टांगला, तर दगडवाल्याला ऑक्टोबरात अंतिम पीडीएफ देता येते. त्याची शेवटची तिसरी रक्कम हातातच ठेवा, दगड उतरल्यावर पीडीएफ समोर धरून एकेक मात्रा ताडून झाली की मग द्या.